भिंतीला वारा घालणारा पंखा

माझ्या कानात शिट्टी वाजत होती म्हणून मी एकदा घरातला धडधाकट इन्व्हर्टर विकायला काढला होता. वय लहान होतं असं म्हणायचीही सोय नाही, कारण तेव्हा मी साठी ओलांडलेली होते. पण साठीची बाई म्हणजे कोवळीच हो! नवी नवी सीनियर सिटिझन झालेली, अंगात आलेलं शहाणपण कुठे ठेवावं ते न कळणारी. आता सत्तरीत बसून तिच्याकडे पाहते तेव्हा मला तिची फार गंमत वाटते. नाकात नथ, कानात बुगडी, कमरेला ढोल आणि डोक्यात काही नाही.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. अख्ख्या सोसायटीला माहीत आहे, हा भाग वेगळा.

इन्व्हर्टरचं पुढे येईलच. पण तो घ्यायला जे एकुलतं एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं. त्या माणसाने मला जितकं गोंधळात पाडलं तितकं दिल्लीच्या मेट्रोच्या नकाशानेही पाडलेलं नाही.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी फरीदाबादच्या कारखान्यांतून फिरण्यात गेली. यंत्रांचा आवाज मोजायचा, कामगारांनी कानात काही घातलंय का ते बघायचं आणि मालकाला नोटीस द्यायची. निवृत्त झाले तरी मोजणं सुटलं नाही. आवाज मोजायचं ते यंत्र चष्म्याच्या घरात घालून खिशात ठेवत आणि लग्न असो, जागरण असो, आमच्या मराठी मंडळाचा ऑर्केस्ट्रा असो, तिथे जाऊन हळूच बाहेर काढत. आम्ही मराठी लोक त्यांना साहेब म्हणायचो. सोसायटीतली पोरं त्यांना ‘सायलेंट मोड अंकल’ म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि ते ओ द्यायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. ‘जेवलात का?’

पहिल्यांदा मला वाटलं, काय अगत्यशील गृहस्थ आहे! मग लक्षात आलं की हा प्रश्न फक्त गोंगाटातच येतो. लग्नात डीजे सुरू झाला की साहेब समोरच्यापासून बरोबर हातभर अंतरावर उभे राहत आणि नेहमीच्या आवाजात विचारत, ‘जेवलात का?’ त्याला ऐकू आलं तर ठीक. नाही आलं, ओरडून पुन्हा विचारावं लागलं, तर साहेबांचा निकाल ठरलेला असे. ‘इथला आवाज कानाला जास्त आहे. चला, मागे सरका.’ यंत्र असताना हे कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘यंत्र माझ्याकडे आहे. हात सगळ्यांना आहेत.’

एका पंजाबी लग्नात त्यांनी नाचाच्या ऐन मध्यात मुलाच्या मामाला गाठून विचारलं, ‘खाना खाया?’ मामांना त्या धडधडाटात ऐकू काही आलं नव्हतं. ओठांच्या हालचालीवरून प्रश्न कळला तेवढा. त्यांनी साहेबांना केटरर समजून कोपऱ्यात ओढत नेलं आणि पनीर कसं रबरासारखं झालंय यावर फैलावर घेतलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, ‘देखिए, यहाँ कोने में आपकी बात कितनी साफ़ सुनाई दे रही है!’ मामा अजून विचार करत असतील.

त्यांची बायको त्यांच्याहून धीराची. एका संक्रांतीला तिने आम्हा बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि वाण म्हणून एकेक इवलासा करंडा हातात ठेवला. चांगला नक्षीचा, पितळी. आता त्यात कुंकू असावं की नाही? आत दोन नारिंगी मऊ गोळ्या होत्या. एका बाईने संत्र्याची गोळी समजून तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. ती बाई मीच. साहेबांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, ‘ताई, त्या कानात घालायच्या. यांची आयडिया. मी म्हटलं होतं, वाट्या देऊ.’

त्याच दिवशी मी त्यांचा पंखा पाहिला. जानेवारी महिना. बाहेर एवढं धुकं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. साहेब स्वेटर, मफलर, कानटोपी घालून खुर्चीत बसलेले आणि शेजारच्या स्टुलावर टेबलफॅन घूंऽ करत चालू. बरं, तो साहेबांकडे वळवलेला नाही. भिंतीकडे तोंड करून भिंतीलाच वारा घालतोय! मी घरी आल्यावर आमच्या ह्यांना म्हटलं, ‘भिंतीला ओल आली असेल, वाळवत असतील.’ हे म्हणाले, ‘डोक्याला ओल आली असेल.’ पुढे मी त्यांच्याकडे केव्हाही गेले, उन्हाळ्यात, हिवाळ्यात, पावसात, तो पंखा भिंतीकडेच पाहत फिरत असे. विचारलं तर साहेबांची बायको म्हणे, ‘असू द्या हो, सवय आहे.’

मला आपलं वाटायचं, याला आवाजाची ॲलर्जी आहे. मग हा घूंऽ कसा चालतो?

आणि याच माणसाला शांतताही चालत नसे. मंडळाने एकदा ध्यानाचं शिबिर ठेवलं. मला वाटलं, आता साहेबांची चंगळ. सगळे मांडी घालून बसलो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘अब सन्नाटे को सुनिए.’ साहेब थोडा वेळ बसले आणि झटक्यात उठून बाहेर गेले. नंतर पाहते तो फाटकापाशी उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभे. चरकाची घरघर चाललेली आणि हे तिथे निवांत डोळे मिटून. हातात रसाचा ग्लाससुद्धा नाही. आता अशा माणसाचं काय समजायचं?

बरं, आवाज आवडत नाही म्हणावं, तर एकही जलसा सोडायचे नाहीत. माझी नात तेव्हा अकरावीत होती. तिला नोएडाच्या मैदानावर कुठल्याशा रॉक बँडला जायचं होतं आणि घरातलं मोठं माणूस बरोबर हवं अशी तिच्या आईची अट. घरातली मोठी माणसं म्हणजे उरले मीच. पार्किंगपाशी पाहिलं तर साहेब! अंगात सफारी, हातात घडीचं स्टूल. स्वतः तिकीट काढून आलेले. नात कुजबुजली, ‘आजी यार, प्लीज, आपण यांना ओळखत नाही.’ पण साहेबांनी आम्हाला ओळखलंच. यंत्र काढून ते स्टेजकडे पाठ करून चालू लागले. थोडं चालायचे, आकडा बघायचे, पुन्हा चालायचे. आकडा मनासारखा उतरला तिथे त्यांनी स्टूल मांडलं आणि नातीपुढे करंडा उघडला.

नात म्हणाली, ‘अंकल, कान बंद करून गाणं काय ऐकणार? पॉइंट काय?’

‘घालून बघ. गाणं तेवढंच राहतं, मार कमी होतो.’

तिने नाइलाजाने घातल्या. दोन गाणी झाल्यावर मला म्हणाली, ‘आजी, सीरियसली, शब्द कळतायत!’ साहेब तोवर मान डोलवत, मांडीवर ठेका धरत, पोरांपेक्षा जास्त रंगले होते. मी विचारलं, ‘साहेब, तुम्हाला खरंच हे आवडतं?’ तर म्हणाले, ‘वहिनी, ज्याला आवाज आवडत नाही त्याने कान सांभाळायचे कशाला?’

मी ‘हो हो’ म्हटलं. कळलं काही नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या मंडळाने गणपतीसाठी ढोलताशा पथक काढलं. दिल्लीत वाढलेल्या पोरांना ढोल कमरेला बांधायचा असतो इथपासून शिकवायला लागलं. रविवारी सकाळी मेट्रोच्या खांबांजवळच्या मोकळ्या जागेत तालीम व्हायची. बायकांच्या रांगेत मी सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत आगाऊ. साहेबांना वाजवता काही येत नव्हतं, पण पथकाची शिस्त त्यांच्याकडे दिली होती. म्हणजे कोणी दिली नव्हती, त्यांनी घेतली होती.

शिस्त एकच. कान उघडा दिसला की ढोल खाली, आणि पथकातून नाव कट. कापूस चालणार नाही. ‘कापूस म्हणजे आपण काहीतरी केलं एवढंच समाधान.’ रांगेत उभं करून ते आम्हाला गोळी घालायला शिकवत. शेवई वळतात तशी ती बोटांत वळून बारीक करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, गोळी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. सगळं पथक असं डोक्यावरून हात घेऊन स्वतःचे कान ओढत उभं राहिलं की ई-रिक्षावाले थांबून बघत. त्यांना आम्ही सगळे मिळून कशाची तरी माफी मागतोय असं वाटत असणार. थोडं वाजवून झालं की साहेब हात वर करत. ढोल बंद, सगळ्यांनी लांब जाऊन बसायचं, कानांना सुट्टी.

विसर्जनाच्या दिवशी मी नऊवारी नेसले. नथ घातली. आईची बुगडी चढवली, कुड्या घातल्या. आरशात पाहिलं तर मी काय सांगू! आणि कानात त्या नारिंगी गोळ्या. पाटावरच्या आराशीत कुणीतरी प्लास्टिकचं बूच खोचावं तशा. मोत्यांच्या शेजारी ते नारिंगी मला बघवेना. त्यात मंडळाचा एक मुलगा रांगेपुढे मोबाइल धरून व्हिडिओ काढत येत होता. सांगलीला बहीण बघणार, पुण्याला जाऊबाई बघणार. फाटकातून निघालो आणि मी दोन्ही गोळ्या काढून कमरेला खोचल्या. आणि उभी कुठे राहिले? ताशाच्या अगदी शेजारी. तो तडतड ताशा कानशिलावर. पार्कातल्या हौदापर्यंत मी तशीच वाजवत गेले. साहेब मागच्या टोकाला होते. मला वाटलं, वाचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटी होते. ही दुपार माझी खास. सगळे मेट्रोने आपापल्या कामाला गेलेले, भांडीवाली येऊन गेलेली, आणि चहा उकळायच्या आधीचा तो एक तुकडा, जेव्हा घरात काहीही होत नाही. मी आयुष्यभर गर्दीत राहिले. माहेरी भावंडं, मग आर. के. पुरमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, सासूसासरे, मुलं, पाहुणे. एवढी निवांत दुपार मला साठीला मिळाली होती. मी तिच्यासाठी जीव टाकायचे. नुसती बसायचे.

त्या दिवशी बसले आणि कुठेतरी शिट्टी वाजत होती. बारीक, एकसुरी. टीव्ही बंद करायचा राहिला की येते तशी.

फ्रिज बंद केला. शिट्टी चालूच. पाण्याचं मशीन बंद केलं, राउटर काढला, बेलची वायर उपटली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना जाऊन सांगितलं, ‘मिक्सर बंद कीजिए.’ त्या झोपेतून उठून आल्या होत्या. संध्याकाळी हे आले. म्हणाले, ‘मला काही ऐकू येत नाही.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला आजवर काय ऐकू आलंय!’ उरला इन्व्हर्टर. सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बॅटरी बाहेर काढली, कान लावला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कान लावला.

‘आंटीजी, बिल्कुल चुप बैठी है.’

‘भैया, साफ़ सीटी बज रही है!’

‘कहाँ?’

‘यहाँ! पूरे घर में!’

तो तारा सुट्या करून निघून गेला. बॅटरी जमिनीवर सुटी पडलेली, तरी शिट्टी चालू. या पायरीला तरी माणसाने विचार करावा! मी काय केलं? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, इन्व्हर्टर बेचना है, चालू हालत में, थोड़ी आवाज़ करता है. आणि शिट्टीला कंटाळून पार्कात जाऊन बाकावर बसले.

शिट्टी माझ्याबरोबर आली होती. पार्कात इन्व्हर्टर नव्हता.

ती कुठल्या यंत्राची नव्हती, माझी होती. म्हणजे आता प्रत्येक दुपारी ही माझ्या शेजारी बसणार? मी जाईन तिथे येणार? मी बाकावर किती वेळ बसले कोण जाणे. समोर साहेब येऊन उभे राहिले. हातभर अंतरावर.

‘वहिनी, इन्व्हर्टर बघायला आलो होतो. घरी कुलूप. कुठल्या कानात वाजतो?’

मी बोट डावीकडे केलं. बुगडीचं काही बोलले नाही, गोळ्यांचं विचारलं नाही. म्हणाले, ‘उठा.’ एरवी भाजीसुद्धा निवांत निवडून घेणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी रिक्षाला इतकी घाई केली की मला आणखीच भीती वाटली. वाटेत एवढंच म्हणाले, ‘पहिला दिवस उलटून शिट्टी टिकली की बघू बघू करायचं नाही. कानाच्या डॉक्टरकडे पोचायचं.’

डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. आता माझी अडचण बघा. आवाज यायच्या आधीपासूनच माझ्या कानात आवाज होता! कोणता त्यांचा आणि कोणता माझा? मी नुसती बटणं दाबत सुटले. डॉक्टर बाहेरून म्हणाल्या, ‘माँजी, अभी तो मैंने कुछ बजाया ही नहीं.’ पुन्हा पहिल्यापासून तपासणी केली. डाव्या कानाला मार बसला होता. औषध दिलं, गोंगाटापासून लांब राहायला सांगितलं. मी विचारलं, ‘जाएगी ना?’ त्या म्हणाल्या, बहुतेकांची जाते, काहींची राहते, आजच सांगता येत नाही.

पुढचे दिवस मी काय काढले माझं मला माहीत. दुपार आली की मी घराबाहेर पळायचे. साहेब रोज चौकशी करत आणि रोज विचित्र सल्ला देत. ‘गप्प खोलीत बसू नका. रेडिओ बारीक लावा. नळ सोडा थोडा.’

मी वैतागले. ‘साहेब, जन्मभर तुम्ही लोकांना आवाज कमी करा म्हणून सांगितलंत. आणि मला म्हणता आवाज लावा?’

‘बारीक लावा. मोठा आवाज कानाला मारतो. बारीक आवाज तिला झाकतो.’

‘तुम्हाला काय माहीत?’

मला वाटलं, कुठल्यातरी सरकारी पुस्तिकेत लिहिलेलं असेल.

मग एका दुपारी मी भात निवडत बसले होते, म्हणजे तांदूळ, आणि बराच वेळ काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळेना. ताटात तांदूळ सरकल्याचा आवाज येत होता. खाली कुणीतरी गाडीचं दार लावलं. आणि मधे काही नव्हतं! मी फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. श्वास धरला. काही नाही. माझी दुपार परत आली होती. मी तांदूळ तसेच टाकले आणि चपला न घालता जिना उतरून साहेबांकडे गेले.

त्यांच्या बायकोने दार उघडलं. साहेब खुर्चीत, पंखा भिंतीकडे.

‘साहेब, गेली! कळलंसुद्धा नाही कधी गेली!’

ते इतके खूश झाले की उभेच राहिले. मग आनंदाच्या भरात माझी जीभ सुटली. म्हटलं, ‘आता तरी सांगा हो, हा पंखा भिंतीला कशाला वारा घालतो?’

त्यांची बायको पटकन आत गेली. साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

‘फरीदाबादला नोकरीची पहिली वर्षं,’ ते म्हणाले. ‘पत्रा दाबायचे मोठे प्रेस असतात, त्या शेडमधे तपासणीला जायचो. कामगारांना म्हणायचो, कानात घाला. मी घालत नसे. साहेब कान बुजवून कसा फिरणार? तरुण होतो, टाय लावायचो. तुमच्यासारखंच. बुगडी नव्हती एवढंच.’

म्हणजे व्हिडिओ यांनी पाहिला होता. मला कुठे लपावं कळेना.

‘एक दिवस शिट्टी सुरू झाली. मी कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरकडे गेलो नाही. ती गेली नाही. पंखा चालू असला की जरा मागे राहते. वारा नको असतो मला, घूं हवं असतं, म्हणून तोंड भिंतीकडे. बंद केला की तीच ती.’

उसाचा चरक, ध्यानाच्या वर्गातून पळणं, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम उलटं फिरलं. अख्खी सोसायटी ज्याला शांततेचा पुजारी म्हणून हसत होती, त्याच्या वाट्याला शांतता नव्हतीच. मी नेहमीसारखं ‘हो हो’ म्हटलं.

पुढे ते मुलाकडे नाशिकला गेले. मी त्यानंतर दोनदा विसर्जनाला ढोल वाजवला, मोत्यांशेजारी नारिंगी गोळ्या मिरवत. पण त्या दुपारी साहेबांनी पुढे होऊन पंख्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि मला जे म्हटलं, ते अजून जसंच्या तसं माझ्याजवळ आहे:

‘दोन मिनिटं बसा, वहिनी. मी हा बंद करतो. आता या खोलीत काय काय ऐकू येतं, ते मला एकेक करून सांगा.’